चार किलोंची शर्यतनौका

खेळण्यातली होडी आणि शर्यतीची छोटी नौका यांत भेद कोणता, असे विचारले तर बहुतेक लोक आकाराकडे किंवा रंगरूपाकडे बोट दाखवतील. खरा भेद तराजूवर दिसतो. खेळण्यातल्या होडीने बुडू नये एवढेच तिच्याकडून अपेक्षित असते. शर्यतीच्या नौकेचा मात्र एकेक ग्रॅम कोठे बसवला आहे याचा हिशेब द्यावा लागतो. काठावर उभा असलेला माणूस हातातल्या पेटीवरील दोन दांड्या हलवतो आणि शंभर-दीडशे मीटरवरची नौका शीड आवळते, वाऱ्याच्या तोंडावर कलते, वळण घेऊन दुसऱ्या बाजूने निघते. तिच्यात इंजिन नसते. तिला पुढे नेणारा केवळ वारा. बिनतारी लहरींचे काम फक्त हुकूम पोचवण्याचे. अशी नौका घरच्या घरी, मुळारंभापासून कशी उभी राहते, आणि ती हलकी करण्यासाठी एवढा आटापिटा का, हे समजून घेण्याजोगे आहे.

पाण्यावरील नौका बिनतारी यंत्रणेने चालवण्याची कल्पना बरीच जुनी आहे. निकोला टेस्ला याने 1898 साली न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांसमोर अशी एक लोखंडी नौका हौदात चालवून दाखवली, आणि त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला त्याला तिचे अमेरिकन पेटंट मिळाले. धातूच्या भुकटीने भरलेली एक नळी लहरी ग्रहण करी आणि विद्युत्‌प्रवाहाला वाट करून देई. टेस्लाच्या नौकेत जड बॅटऱ्या होत्या, वेगाची चिंता नव्हती. आजची यंत्रणा काडेपेटीएवढ्या ग्राहकात मावते आणि तिचे वजन काही ग्रॅमच भरते. हा बदल झाला नसता तर या लेखाचा विषयच संभवला नसता.

शर्यत म्हटली की नियम आले. अमेरिकेतील मार्बलहेड या गावाच्या नावाने ओळखला जाणारा वर्ग 1930 च्या सुमारास निघाला. त्यात नौकेची लांबी 50 इंच आणि शिडांचे क्षेत्रफळ 800 चौरस इंच एवढेच मुख्य बंधन होते. बाकी सारे मोकळे. आणि मोकळीक असली की पैसा पुढे धावतो. कालांतराने त्या वर्गातील नौका महागड्या होत गेल्या. सामान्य माणसाला परवडावी आणि घरी बांधता यावी अशी नौका हवी, या विचारातून 1988 मध्ये ‘इंटरनॅशनल वन मीटर’ हा वर्ग आकाराला आला. त्याची मोजमापे अशी: लांबी फार तर 1 मीटर, पाण्याखालचा खोलावा फार तर 42 सेंटिमीटर, सर्व सामानासह वजन किमान 4 किलो. तळाचे पाते व त्याखालचा शिशाचा गड्डा मिळून 2200 ते 2500 ग्रॅम. सुकाणू 75 ग्रॅमच्या आत. शिडांची मापे ठरलेली. सांगाडा कार्बनच्या तंतूंचा चालत नाही. लाकूड किंवा काचतंतू चालतात. डोलकाठी अल्युमिनियमची किंवा लाकडाची. नियम करणारांनी येथे मोठे शहाणपण दाखवले आहे असे म्हटले पाहिजे, कारण कुशल सुताराने लाकडात बांधलेली नौका कारखान्यातून आलेल्या नौकेच्या बरोबरीने धावू शकते.

येथे एक शंका साहजिक आहे. किमान वजन जर 4 किलो ठरलेलेच आहे, तर नौका हलकी बांधून मिळवायचे काय? चार किलोंची बांधा आणि मोकळे व्हा! उत्तर असे की वजन किती यापेक्षा ते कोठे, हा प्रश्न मोठा आहे. हिशेब मांडून पाहू. 4000 ग्रॅममधून तळाच्या पात्याचे व गड्ड्याचे 2500 आणि सुकाणूचे 75 वजा केले की 1425 ग्रॅम उरतात. त्यात डोलकाठी, शिडे, दोऱ्या यांना सुमारे 300 आणि ग्राहक, बॅटरी, दोन मोटारी यांना सुमारे 250 दिले, तर सांगाडा, वरचे झाकण आणि सारे किडूकमिडूक यांसाठी पावणेनऊशे ग्रॅम राहतात. सांगाडा यापेक्षा जड झाला तर नौका चार किलोंवर जाते आणि तेवढे जादा पाणी तिला जन्मभर बाजूला सारत राहावे लागते. उलट सांगाडा सहाशे ग्रॅममध्ये बसला, तर उरलेल्या पावणेतीनशे ग्रॅमचे शिसे बांधणाऱ्याला हवे तेथे, म्हणजे नौकेच्या अगदी तळाशी आणि मध्यावर ठेवता येते. वजन तेवढेच, पण जागा त्याच्या मर्जीची.

जागेचे महत्त्व किती, हे डोलकाठीच्या उदाहरणाने कळेल. मोठ्या शिडाची डोलकाठी पाण्याच्या पातळीपासून सुमारे 160 सेंटिमीटर उंच जाते. तिच्या शेंड्याला 10 ग्रॅमची एक पितळी कडी लावली, तर नौकेला कलवणारा तिचा जोर फेडण्यासाठी 40 सेंटिमीटर खाली असलेल्या गड्ड्यात 40 ग्रॅम शिसे वाढवावे लागेल. परंतु गड्ड्यावर तर कमाल मर्यादा आहे! म्हणजे ते कर्ज फेडताच येत नाही. तीच गोष्ट दोन्ही टोकांची. पुढचे टोक, ज्याला कोळी व खलाशी नाळ म्हणतात, ते जड असेल तर लाटेवर नौका झोका घेऊ लागते, आणि प्रत्येक झोक्यात शिडातला वारा निसटतो. म्हणून अनुभवी बांधणारे टोकाकडचे लाकूड सर्वांत हलके निवडतात.

मग मोठ्या नौकेची हुबेहूब लहान प्रतिकृती का करू नये? निसर्गाचे गणित आड येते. नौका दसपट मोठी केली की वाऱ्याचा कलवण्याचा जोर हजारपट वाढतो, पण तिचा सावरण्याचा जोर दहा हजारपट वाढतो. हेच उलटे वाचले तर कळते की नौका लहान करावी तसतशी ती वाऱ्यापुढे दुबळी होत जाते. हुबेहूब प्रतिकृती पहिल्याच झुळकेला आडवी होईल. त्यामुळे या छोट्या नौकांचे पाते बेढब वाटावे इतके लांब असते आणि एकूण वजनाच्या निम्म्याहून अधिक वजन त्या पात्याच्या खालच्या टोकाला शिशाच्या रूपाने लटकत असते.

आता सांगाड्याचे लाकूड. आपल्याकडे नौका म्हटली की सागवान आठवते, आणि ते रास्तच आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मलबारी सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज 1817 साली पाण्यात उतरले आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे ते आजही तरंगते आहे. पण ज्या गुणांनी सागवानाने दोनशे वर्षे काढली तेच येथे दोष ठरतात. एक मीटर नौकेच्या बाह्यांगाचे क्षेत्रफळ साधारण पाव चौरस मीटरहून थोडे अधिक, 0.27 धरू. 3 मिलिमीटर जाडीच्या सागवानी पट्ट्यांनी ते मढवले तर नुसते लाकूडच सव्वापाचशे ग्रॅम होते. तेच बाल्साच्या पट्ट्यांनी मढवले तर 120 ग्रॅमच्या आसपास. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतील झाड. थॉर हेयरडाल आणि त्याचे सोबती 1947 मध्ये ज्या ‘कोन-टिकी’ तराफ्यावरून 101 दिवसांत पेरूहून पॉलिनेशियापर्यंत गेले, तो याच झाडाच्या ओंडक्यांचा होता. आपल्याकडे विमानांच्या प्रतिकृती करणारांच्या दुकानांतून त्याच्या फळ्या मिळतात, मात्र परदेशातून आलेल्या व म्हणून महाग. सावंतवाडीची लाकडी फळे व खेळणी ज्या पांगाऱ्यापासून घडवली जात, तो पांगाराही हलकाच. बाल्साच्या जवळजवळ दुप्पट, पण सागवानाच्या निम्म्याहून कमी. त्याला कीड लवकर लागते, हे मात्र ध्यानात ठेवावे. काचतंतूंच्या दोन थरांत बंद झाला तर तोही कामाचा.

बाल्साची फळी विकत घेताना सरसकट घेऊ नये. एकाच गठ्ठ्यातील दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक सापडतो. चोखंदळ माणूस खिशात छोटा तराजू घेऊन दुकानात जातो. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तरी हरकत नाही.

बांधणी उलटी सुरू होते, म्हणजे नौकेचा तळ आकाशाकडे. आराखड्यात दर दहा सेंटिमीटरवर नौकेचा आडवा छेद काढलेला असतो. ते छेद प्लायवूडमध्ये कापून, सरळ व न वाकणाऱ्या फळीवर काटकोनात उभे करतात. हे छेद नौकेचा भाग नव्हेत. पट्ट्या चढवून झाल्यावर ते काढून टाकायचे असतात. म्हणून त्यांच्या कडांना चिकटपट्टी लावतात, नाहीतर सरस त्यांनाही धरून बसतो आणि नौका साच्यापासून सोडवताना फुटते. त्यानंतर 6 ते 8 मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या झाकणाच्या काठापासून तळाकडे, एक डावीकडे एक उजवीकडे अशा आळीपाळीने लावत जायचे. आळीपाळी मोडली आणि एक बाजू आधी पुरी केली, तर पट्ट्यांच्या ताणाने सांगाडा पिळवटतो, व तो पीळ पुढे कोणत्याही उपायाने जात नाही. जेथे गोलाई जास्त तेथे प्रत्येक पट्टीची कड थोडी तासून घ्यावी लागते. घाई झाली की फटी राहतात, फटी राहिल्या की लांबी भरली जाते, आणि लांबी म्हणजे वजन. नवशिक्याची नौका जड होते ती लाकडाने नव्हे. लांबी, राळ आणि रंग या तिघांनी ती जड होते.

पट्ट्या पुऱ्या झाल्या की पॉलिश पेपर एका लांब, किंचित लवचीक पट्टीवर चिकटवून तिरक्या हातांनी घासायचे. नुसत्या बोटांनी घासल्यास लाकडाच्या मऊ जागी खळगे पडतात. डोळ्यापेक्षा तळहात येथे अधिक विश्वासू. डोळे मिटून हात फिरवला की उंचवटा लगेच जाणवतो. बाल्साची धूळ फार बारीक असते, तेव्हा नाकातोंडावर फडके बांधणे बरे.

यानंतर येते काचतंतूंचे कापड व इपॉक्सी राळ. कापड चौरस मीटरला 50 ग्रॅम भरणारे, पारदर्शक वाटावे इतके तलम. ते बाहेरून एक थर आणि साचा काढल्यावर आतून एक थर. राळेचे वजन कापडाइतकेच ठेवता आले तर दोन्ही थर मिळून 54 ग्रॅम होतात. लाकूड आणखी थोडी राळ पिते. राळ ओतून कापड भिजले की जुन्या कार्डाच्या कडेने जादा राळ निपटून काढायची. कापडाची वीण दिसत राहिली पाहिजे. पृष्ठभाग आरशासारखा चमकू लागला तर समजावे की राळ जास्त झाली. नवशिक्याला ती चमक आवडते आणि तेथेच पन्नास ग्रॅम वाढतात. दोन इशारे मात्र आवश्यक आहेत. इपॉक्सी कातडीला वारंवार लागली तर काहींना कायमची बाधा होते, मग त्या माणसाला पुन्हा या कामाला हात लावता येत नाही. हातमोजे घातलेच पाहिजेत. दुसरा इशारा गोवा, कोकण आणि बेळगावच्या पावसाळी हवेपुरता. दमट हवेत राळ घट्ट होताना तिच्यावर मेणासारखा पांढुरका साका धरतो. त्यावर दुसरा थर दिला तर तो नीट चिकटत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी पापुद्रे सुटू लागतात. तो साका साध्या पाण्याने व खरखरीत फडक्याने धुऊन, वाळवून मगच पुढे जावे; शक्यतो हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत काढावे.

शिशाचा गड्डा हा या साऱ्यातला धोक्याचा भाग. सव्वादोन किलो शिसे म्हणजे सुमारे 200 घनसेंटिमीटर, चहाच्या एका मोठ्या पेल्याएवढेच. म्हणूनच ते पाण्यात फार अडत नाही. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते आणि प्लास्टरच्या साच्यात ओतता येते. परंतु साच्यात ओलाव्याचा अंश राहिला असेल तर त्याची क्षणार्धात वाफ होते आणि वितळलेले शिसे ओतणाऱ्याच्या तोंडावर उडते. साचा वरून कोरडा दिसतो. आत तो अनेक दिवस ओला असतो. भट्टीच्या मंद उष्णतेत त्याला पुरता वाळवल्याखेरीज शिसे ओतणे म्हणजे डोळे गमावण्याची तयारी. काम उघड्या हवेत, चष्मा व जाड कपडे घालून करावे. शिशाचे भांडे स्वयंपाकघरात पुन्हा कधीही जाऊ नये. मुलांना जवळ येऊ देऊ नये. ज्याच्याकडे ही सोय नाही त्याने तयार गड्डा विकत घ्यावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

डोलकाठी, पाते आणि सुकाणू ही तिन्ही एका सरळ पातळीत आली पाहिजेत. पाते एखादा अंश जरी तिरके बसले तर नौका एका बाजूवर चांगली चालते आणि दुसऱ्या बाजूवर रुसते. मालक मग शिडांना दोष देत हंगाम घालवतो. पाते ज्या खोबणीत बसते ती सांगाड्यात चिकटवण्याआधी नौका सपाट टेबलावर पाणसळीने समतल करून, ओळंबा सोडून, तिन्ही एका रेषेत आल्याची खात्री करतात. गवंड्याचा ओळंबा येथे कोणत्याही महागड्या उपकरणाला हार जात नाही.

बिनतारी यंत्रणेबद्दल थोडक्यात सांगितले तरी पुरे. नियमाने दोनच हुकूम चालतात: सुकाणू वळवणे आणि शिडांच्या दोऱ्या आवळणे किंवा सैल करणे. सुकाणूसाठी सर्व्हो नावाची छोटी मोटार असते. तिला साधारणपणे सेकंदाला 50 स्पंद मिळतात. स्पंद दीड मिलिसेकंदाचा असला की दांडी मध्यावर राहते, एकाचा असला की एका टोकाला, दोनाचा असला की दुसऱ्या टोकाला. शिडांच्या दोऱ्यांसाठी रहाटासारखी फिरणारी, अधिक जोराची मोटार लागते. आजचे संच 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालतात. या लहरींची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणून ग्राहकाची तार बोटाच्या दोन पेरांएवढी पुरते. पण पाणी या लहरी गिळून टाकते. ग्राहक सांगाड्याच्या तळाशी टाकून दिला तर दूरवर गेलेली नौका ऐकेनाशी होते. तार झाकणाखाली, पाण्याच्या पातळीच्या वर आणि उभी असली पाहिजे. संपर्क तुटल्यास मोटारींनी कोणत्या स्थितीत थांबावे, हेही आधीच ठरवून ठेवता येते. शिडे सैल सुटतील अशी ती स्थिती ठेवावी, म्हणजे नौका तलावाच्या पलीकडे पळून जात नाही.

शिडे पातळ पॉलिएस्टर पटलाची. दोन-तीन तुकडे किंचित वक्र कडेने जोडले की त्यांना पोट येते आणि त्या पोटावरच शिडाचा जीव असतो. मंद, मध्यम आणि जोराच्या वाऱ्यासाठी तीन जोड ठेवण्याची नियमाने मुभा आहे.

नौका पुरी झाली की तराजू, आणि मग पाणी. गोड्या पाण्यात 4 किलोंची नौका 4 लिटर पाणी बाजूला सारते. समुद्राचे पाणी जड, तेथे 3.9 लिटर पुरतात. पाण्याच्या रेषेवर नौकेचे क्षेत्रफळ अकराशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास असल्याने हैदराबादच्या हुसेन सागरात तरणारी नौका गोव्याच्या खाडीत जेमतेम एक मिलिमीटर वर उचलली जाईल. वजन शंभर ग्रॅमने वाढले तरी तेवढीच खाली बसेल. एक मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतो. परंतु एवढ्या लांबीची नौका स्वतःच्याच लाटेत अडकते तो वेग ताशी साडेचार किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीचा. त्याखालच्या मंद वाऱ्यात दोन नौकांमधील अंतर मुख्यतः पाण्याशी होणाऱ्या घर्षणाने पडते, आणि अर्ध्या तासाच्या शर्यतीत तो मिलिमीटर चार-पाच लांब्यांनी जाणवू शकतो.

मोटारीच्या शर्यतनौकांत हलकेपणाचा अर्थ थोडा निराळा आहे. तेथे नौका पाणी कापत नाही, त्याच्या पृष्ठावरून घसरत जाते, आणि फार हलके पुढचे टोक हवेने उचलले जाण्याचा धोका असतो. डोनाल्ड कॅम्पबेल यांची ‘ब्लूबर्ड’ 4 जानेवारी 1967 रोजी इंग्लंडच्या कोनिस्टन वॉटरवर ताशी 300 मैलांच्या पुढे जात असता अशीच उचलली गेली, कोलांटी खाऊन आदळली आणि त्यात कॅम्पबेल यांचा अंत झाला. लहान मोटारनौकांना हाच नियम लागू आहे. फक्त तेथे नुकसान नौकेचे होते.

आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागातील छात्र नौकांच्या प्रतिकृती बांधतात आणि त्यांच्या वार्षिक नौसैनिक शिबिरात तो स्पर्धेचा विषय असतो. शिडाच्या छोट्या नौकेला मात्र योग्य पाणी शोधावे लागते. पात्याचा खोलावा 42 सेंटिमीटर, तेव्हा काठालगत निदान गुडघाभर पाणी हवे. जलपर्णी माजलेला तलाव निरुपयोगी, कारण पाते झाडूसारखे ती गोळा करते. सभोवार उंच इमारती असतील तर वारा दर क्षणी दिशा बदलतो. आणि अडकलेली नौका सोडवायला कोणाला तरी पाण्यात उतरावे लागते, हा विचार आधीच केलेला बरा. वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीत मगरींची वस्ती आहे, तेथे हा खेळ मांडण्यात अर्थ नाही.

शर्यतीत मोठ्या नौकांचेच जागतिक नियम पाळले जातात. बिनतारी नौकांसाठी त्यांना एक वेगळी पुरवणी जोडलेली आहे. टक्कर झाली तर समोरच्याच्या सांगाड्याला भोक पडू नये म्हणून प्रत्येक नौकेच्या नाळेला मऊ रबराचा तुकडा बसवणे सक्तीचे आहे. एवढे करूनही थोडे पाणी आत शिरतेच. शर्यत संपल्यावर झाकणावरचा चिकट पडदा काढून ते पाणी स्पंजने टिपावे, खाऱ्या पाण्यात गेलेली नौका गोड्या पाण्याने धुवावी, बॅटरी काढून वेगळी ठेवावी आणि सांगाडा रात्रभर उघडा, सावलीत वाळू द्यावा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तराजूवर ठेवावा. वजन वाढलेले दिसले तर कोठेतरी राळेला चीर गेली आहे आणि बाल्सा पाणी पिऊ लागला आहे असे समजावे. ती चीर शोधल्याशिवाय नौका पुन्हा पाण्यात सोडू नये.